उस्तादाची परीक्षा कोण घेणार?

मोटार शिकवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की ड्रायव्हिंग स्कूलमधला प्रशिक्षक किमान दहावी पास हवा, त्याला पाच वर्षं गाडी चालवण्याचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्रही हवं. नागपुरात किती स्कूल हा नियम मनापासून पाळतात, ते आरटीओच्या रांगेत उभा राहिलेला कोणीही सांगेल. तरी नियम आहे. तक्रार करायची झाली तर बोट ठेवायला एक ओळ आहे.

आता बंदूक शिकवणाऱ्याकडे वळू. शस्त्र नियम, २०१६ लागू झाले तेव्हा एक चांगलं काम झालं. परवाना मागणाऱ्याने आधी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि 'एस-१' नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं, अशी तरतूद नियम १० मध्ये आली. विषयही नीट ठरवून दिले आहेत : शस्त्र कसं हाताळायचं, कसं बाळगायचं, कसं चालवायचं, साफ कसं करायचं, घरात कुठे ठेवायचं, प्रवासात कसं न्यायचं, कायदा काय म्हणतो. हे प्रमाणपत्र द्यायचं 'मान्यताप्राप्त' प्रशिक्षकाने. पण त्या प्रशिक्षकाने स्वतः ही मान्यता मिळवताना कोणासमोर काय करून दाखवलं, हे अर्जदाराच्या हाती पडणाऱ्या कागदावरून काही कळत नाही. शिकणाऱ्याने काय शिकावं याची यादी आहे. शिकवणाऱ्याला काय यायला हवं, याबद्दल आपण सगळे एका गृहीतावर चाललो आहोत, की वर्दी घातलेला किंवा मेडल मिळवलेला माणूस शिकवणारच.

हे गृहीतच मला मान्य नाही. शस्त्र-प्रशिक्षकाला प्रमाणपत्र द्यायचं असेल तर त्याचा नेम, त्याची मेडलं आणि त्याची नोकरीची वर्षं यांना थोडे गुण द्या, हवे तर द्या. खरी परीक्षा एकाच गोष्टीची घ्या : समोरचा शिकाऊ माणूस चुकतो, त्या दोन सेकंदांत हा काय करतो.

नागपुरात हे बोलणं थोडं जोखमीचं आहे, कारण हे फौजेला जवळून ओळखणारं शहर आहे. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, सीताबर्डीच्या किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची पलटण, अंबाझरीला आयुधनिर्माणी, हिंगणा रोडवर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ४, आणि दीड-दोन तासांवर पुलगावचं दारूगोळा भांडार. इथल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादे सुभेदारसाहेब निवृत्त होऊन राहायला आलेले असतात. त्यांच्याबद्दल आदर आहे आणि तो असायलाच हवा. पण फौजेत स्वतःची पद्धत काय आहे ते बघा. महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये हत्यारांचा कोर्स करायला गेलेले सगळे पास होऊन येतात असं नाही, आणि पास झालेल्या सगळ्यांना 'इन्स्ट्रक्टर' ग्रेडिंगही मिळत नाही. ज्याला मिळतं त्याचा पलटणीत वेगळा मान असतो. सीमा सुरक्षा दलाची इंदूरला हत्यारांची स्वतंत्र शाळा आहे, तिथेही उस्ताद घडवावे लागतात. गोळी तर प्रत्येक जवान चालवतो. शिकवायला उभं कोणाला करायचं हे फौज निवडून, पारखून ठरवते. आणि आपण बाहेर मात्र डिस्चार्ज बुक दाखवलं की पुढचं काही विचारत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ज्याने उभी नोकरी फौजेच्या इन्सास रायफलीवर काढली, त्याला एखाद्या व्यापाऱ्याच्या कपाटातल्या जुन्या पॉइंट थर्टी-टू रिव्हॉल्व्हरची खोड माहीत असेलच असं नाही. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडी थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या मागच्या भागावर, टेकलेली असते. हत्यार हातातून पडलं, हातोडीवर आपटलं, की गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक हातोडीखालचं घर, म्हणजे गोळीची जागा, रिकामं ठेवायचे. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. हत्यार हातातून निसटलं असं तेव्हा सांगितलं गेलं. लोकांनी दोन दिवस विनोद केले आणि सोडून दिलं. त्या दोन दिवसांत मला एकच प्रश्न पडला होता : आपल्या शहरात रिव्हॉल्व्हरचा परवाना घेणाऱ्या किती जणांना हातोडीखालच्या रिकाम्या घराबद्दल कोणी सांगितलं असेल? आणि सांगणाऱ्याला तरी ते माहीत असेल का?

वर्दी म्हणजे सुरक्षितता नाही, याचं सगळ्यात वाईट उदाहरण अलीगढचं आहे. ८ डिसेंबर २०२३ ला तिथल्या एका पोलीस ठाण्यात एक महिला पासपोर्टच्या पडताळणीसाठी मुलासोबत आली होती. टेबलासमोर उभी होती. पोलीस उपनिरीक्षकाच्या हातात सहकाऱ्याने पिस्तूल दिलं, त्याने ते हाताळायला सुरुवात केली आणि गोळी सुटून त्या महिलेच्या डोक्यात लागली. काही दिवसांनी ती गेली. हे सगळं सीसीटीव्हीत आहे. देणाऱ्याने मॅगझिन काढून, चेंबर उघडून, 'खाली आहे, बघा' (म्हणजे रिकामं आहे) म्हणून द्यायचं असतं आणि घेणाऱ्याने 'खाली आहे' यावर विश्वास न ठेवता पुन्हा स्वतः बघायचं असतं. भरतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट. ती शिकवली गेली होती की नुसती सांगितली गेली होती, एवढाच फरक. आणि हा फरक शिकवणाऱ्यावर ठरतो.

मी बरीच वर्षं कॉलेजात एनसीसीचं काम पाहिलं, त्यामुळे पॉइंट टू-टू रायफलीच्या फायरिंगला अनेकदा उभा राहिलो. तिथे पाहिलेला एक प्रसंग सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. फायरिंग पॉइंटवर कॅडेट पालथ्या पडलेल्या. त्यातल्या एका मुलीने चाप ओढला आणि नुसता 'टक्' आवाज आला. नवख्या माणसाची प्रतिक्रिया अशा वेळी ठरलेली असते. ती म्हणाली, "सर, फायरच नाही झालं ना!" आणि म्हणताना मागे वळली. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर रायफल वळते. नळी शेजारच्या मुलीच्या कमरेच्या दिशेने निघाली होती. पीआय स्टाफमधला, म्हणजे एनसीसीत शिकवायला फौजेतून आलेला, हवालदार तिच्या उजव्या खांद्यामागे उकिडवा बसला होता. त्याने आवाज चढवला नाही. तळहात नळीवर ठेवला आणि नळी रेतीच्या थैलीवर तशीच दाबून धरली. "समोर बघ. बोट बाहेर. आता मोज माझ्यासोबत." तीसपर्यंत मोजलं. कारण टोपी उशिरा पेटली तर गोळी काही सेकंदांनीही सुटू शकते, आणि तेवढा वेळ नळी टार्गेटकडेच राहायला हवी. मग बोल्ट उघडला, राउंड काढला, टोपीवर पिनचा खड्डा पडलेला तिला दाखवला आणि पुढचा राउंड भरायला सांगितला. मुलीला आपण काही भयंकर करणार होतो हे कळलंसुद्धा उशिरा, चहाच्या वेळी.

आता याच जागी मी दुसरे उस्तादही पाहिले आहेत. दहा पावलं मागे उभे राहून, हात मागे बांधून, जोरात ओरडणारे. आवाज दमदार, शिस्त कडक, बघणाऱ्या प्राचार्यांना फार आवडतात. पण फायरिंग पॉइंटवर मागून ओरडलं की कॅडेट आवाजाच्या दिशेने वळते, आणि रायफल तिच्यासोबत वळते. ओरडणाऱ्याने धोका वाढवलेला असतो. या दोघांच्या सर्व्हिस बुकात फरक सापडणार नाही. दोघांचा नेम कदाचित सारखाच असेल. तुमच्या-माझ्या मुलीला कोणाच्या हाती द्यायचं हे कुठलं प्रमाणपत्र सांगतं?

अमेरिकेत तर बंदुकांचा सुकाळ आहे आणि प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही जुन्या. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ ची. तरीही २५ ऑगस्ट २०१४ ला ॲरिझोनातल्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी सबमशीनगन दिली गेली. आधी एकेक गोळी, मग प्रशिक्षकाने ती फुल ऑटोवर, म्हणजे चाप दाबून धरला की सलग गोळ्या सुटतील अशी, लावली. धक्क्याने नळी वर आणि डावीकडे उसळली. प्रशिक्षक डाव्या बाजूला, अगदी जवळ उभा होता. तो गेला. तो स्वतः माजी सैनिक होता. चूक कोणाची म्हणून त्या मुलीकडे बोट दाखवायची हिंमत कोणाला होणार? एवढ्या छोट्या हातांत ते हत्यार द्यायचं का, मॅगझिनमध्ये पहिल्यांदा किती गोळ्या भरायच्या, आपण कुठे उभं राहायचं, हे तिन्ही निर्णय शिकवणाऱ्याचे होते.

म्हणून परीक्षा अशी हवी की जिच्यात हे निर्णय दिसतील. लेखी पेपर घ्या, कायद्याचे प्रश्न विचारा, पण त्याला फार भाव देऊ नका; गाइड वाचून पेपर कोणीही सोडवतो. डमी राउंड द्या आणि परीक्षकाला शिकाऊ म्हणून उभं करा. त्याने ठरवून चुका कराव्यात. एकदा मागे वळावं. एकदा बोलता बोलता बोट चापावर ठेवावं. एकदा भरलेलं हत्यार टेबलावर ठेवून निघून जावं. एकदा 'आवाज बारीक आला' असं पुटपुटून लगेच दुसरी गोळी मारायला जावं. ही शेवटची चूक फार वाईट, कारण आवाज बारीक आला म्हणजे गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फाटते. उमेदवार प्रशिक्षकाला यातलं किती वेळेत दिसतं, दिसल्यावर त्याचा हात आधी जातो की आवाज, आणि नंतर तो शिकाऊला कारण समजावतो की नुसता अपमान करतो, हे बघायला परीक्षकाला अर्धा तास पुरे.

परीक्षेत एक प्रसंग खास आपल्याकडचा घालावा लागेल. पांढरी गाडी, सोबत दोन माणसं, 'आम्हाला काय शिकवता, सही करा' म्हणणारा अर्जदार. साहेबांचा फोन येऊन गेलेला. या माणसाला प्रशिक्षक बसवून शिकवतो का, आणि त्याला जमलं नाही तर नापास करतो का? ज्याच्या हाताखालून कधीच कोणी नापास झालं नाही, त्या प्रशिक्षकाच्या नोंदी मागवून बघायला हव्यात. कॅनडात परवान्याआधीच्या सुरक्षा कोर्सला लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत ८० टक्के गुण लागतात आणि शिकवणारे प्रांताच्या मुख्य शस्त्र अधिकाऱ्याने नेमलेले असतात. ८० टक्के ही रेघ आखली की कोणीतरी ७९ वर अडकणार हे मान्य करावं लागतं. आपल्याकडे 'हजर होता, पूर्ण केला' एवढ्यावर काम भागतं.

ऑनलाइन कोर्सचा मोह इथेही होणार, झूमवर चार तास आणि प्रमाणपत्र ईमेलवर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने १ जानेवारी २०२१ पासून लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी असे ऑनलाइन कोर्स चालवून घेणं बंद केलं. नळी कुठे वळते ते कॅमेऱ्यातून कोणाला दिसणार, हे त्यांना उशिरा कळलं. आपल्याला त्या वाटेने जायची गरज नाही.

आता नागपुरात या प्रशिक्षकांची गरज नेमकी कुठे पडते ते बघू. इतवारीच्या सराफा ओळीत दुपारी चारच्या सुमारास चक्कर मारा. दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर गार्ड बसलेला असतो. त्याच्या मांडीवर आडवी बारा बोरची दुनळी. गल्ली एवढी अरुंद की दोन ॲक्टिव्हा समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं. गार्ड पाय बदलतो तेव्हा दुनळीच्या तोंडापुढून शाळेची पोरं, दही घेऊन निघालेली बाई, समोरच्या दुकानातला नोकर, सगळे जाऊन येतात. दुसरा प्रकार म्हणजे बंदुकीचा दस्ता जमिनीवर, नळी वर आणि नळीच्या तोंडावर हनुवटी टेकून डुलकी. बँकेची कॅश व्हॅन थांबते तिथेही हेच. त्या गार्डला हसणं सोपं आहे. विचारलं तर तो म्हणेल, "साहेब, भरलेली आहे, पण चालवायची वेळच नाही येत." बरोबर आहे त्याचं. चालवायची वेळ येत नाही, पण सांभाळायची वेळ रोज बारा तास येते, आणि तीच त्याला कोणी शिकवलेली नसते. दुनळीची तर एक सोय आहे की ती मोडून उघडी ठेवली की काडतूस आहे की नाही ते रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं. ड्युटी बदलताना ती उघडून दुसऱ्याच्या हातात द्यायची, एवढी एक सवय जरी लागली तरी पुष्कळ काम होईल.

खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिक्षण ठरवलं होतं, किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सूट, ४० आणि १६ तास. विषयांत प्रथमोपचार, आग, गर्दी सांभाळणं, ओळखपत्रं तपासणं सगळं होतं. आणि बंदूक हाताळणं? ते 'ऐच्छिक'. ज्याच्या हातात बंदूक द्यायची नाही त्याच्यासाठी ऐच्छिक असेल तर ठीक, पण ज्याला दुनळी देऊन सराफ्यात बसवायचं आहे त्याच्यासाठी वेगळी सक्ती आणि वेगळा पारखलेला प्रशिक्षक हवा होता. ती जागा रिकामी राहिली आणि एजन्सीच्या सुपरवायझरने 'अशी धरायची, हा खटका' एवढं सांगून ती भरून काढली.

दुसरी जागा म्हणजे एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवणाऱ्या अकॅडम्या. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ, तेव्हापासून आईबाप मुलांना घेऊन या अकॅडम्यांच्या दारात उभे आहेत. फार चांगली गोष्ट आहे. दहा मीटरची रेंज एखाद्या लांबट हॉलमध्ये किंवा बेसमेंटमध्येही बसते. २० जूलपर्यंत ऊर्जा आणि ०.१७७ इंचाचा बोअर असलेल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे त्या दारात पोलीसही येत नाहीत. पण दहा मीटरवरून आलेला छर्रा डोळा घालवायला पुरेसा असतो. हवेचं सिलिंडर २०० बारच्या दाबाचं असतं आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, तारीख त्याच्यावर कोरलेली असते. छर्रे शिशाचे असतात. मुलं छर्रे हाताळून त्याच हाताने डबा खातात. प्रशिक्षकाला विचारून बघा की सिलिंडरची तारीख कधी संपते, आणि मुलं हात कुठे धुतात. राज्य पातळीवर मेडल मिळवलेला तेवीस वर्षांचा मुलगा गोंधळून जातो, कारण हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

इथे खेळाच्या बाजूने थोडं न्यायाने बोललं पाहिजे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या अकादमीची डी, सी, बी, ए अशी चढती प्रशिक्षक-लायसन्स आहेत, आणि ती शिडी चांगली आहे. रेंजवर चेंबरमधून केशरी सेफ्टी फ्लॅग घातल्याशिवाय हत्यार खाली ठेवायचं नाही, ही शिस्त खेळाने जितकी रुजवली तितकी कोणीच नाही. पण ही शिडी चढायची सक्ती बेसमेंटमधल्या अकॅडमीवर नाही, आणि मेडलसाठी शिकवणं वेगळं. शिवाय अकॅडमीत येणारी बहुतेक पोरंपोरी अठराच्या आतली. स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ढब, दुरुस्त करताना प्रशिक्षकाला खांद्याला, कमरेला हात लावावा लागतो. आधी सांगून, पालकांना दिसेल अशा ठिकाणी, आणि शक्यतो शब्दांनी किंवा आरशाने काम भागवून. हे प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमात आणि त्याच्या चारित्र्य-पडताळणीत यायलाच हवं. याबद्दल पालकांच्या बैठकीत बोललं की सगळे खाली बघतात.

तिसरी जागा शहराबाहेर आहे. नरखेड, काटोल, उमरेड, रामटेककडे रानडुकरं आणि रोही (नीलगाय) उभं पीक एका रात्रीत लोळवतात, त्यामुळे पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मागणारे शेतकरी आहेत. त्यांना शिकवायचं तर मराठीत शिकवा. आपल्याकडे हत्यारांची सगळी तालीम फौजी हिंदीत चालते. दम रोखायचा, शिस्त घ्यायची (नेम धरायचा) वगैरे शब्द कॅडेटला चालतात, पण साठीच्या शेतकऱ्याला रात्री बॅटरीच्या उजेडात हलणारी वस्तू डुक्कर आहे की शेजारच्या वावरातला माणूस, हे ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे त्याच्या बोलीत दहा वेळा सांगावं लागतं. टार्गेटच्या मागे काय आहे ते बघा, हा नियम रेंजवर पाठ होतो कारण मागे गोळ्या अडवणारा मातीचा बट असतो. वावरात मागे पांदण असते.

आता आक्षेपांकडे येतो. परवानेधारक मूठभर, कशाला एवढा खटाटोप, असं एक जण म्हणेल. त्याच्यासाठी इतवारीची चक्कर पुरेशी आहे. दुसरा म्हणेल की प्रशिक्षक वाढले की बंदूकवेड वाढेल. मला हे पटत नाही. परवाना द्यायचा की नाही हे शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी ठरवतात. चांगला प्रशिक्षक असल्याने त्यांचा हात सैल होत नाही, उलट नापास करणारा कोणीतरी मधे उभा राहतो. दसऱ्याला पूजेच्या पाटावर रिव्हॉल्व्हर मांडून, शेजारी चार वर्षांचा नातू बसवून फोटो टाकणारे आपल्या ओळखीचे असतात. त्यांचं वेड प्रशिक्षकाने आणलेलं नाही. त्यांना निदान मॅगझिन काढून, सिलिंडर उघडून पूजा करायला तरी कोणीतरी शिकवू दे.

खरा आक्षेप तिसरा आहे आणि तो मला रात्री दोनदा विचार करायला लावतो. आपल्याकडे नवा शिक्का आला की त्याचा नवा दर ठरतो. प्रशिक्षकाच्या परीक्षेचाही ठरेल. दलाल उभे राहतील, 'एस-१ सकट सगळं करून देतो' म्हणतील. हे होणार नाही असं म्हणणारा माणूस कधी सरकारी कचेरीत गेलेला नाही. पण याचं उत्तर शिक्का काढून टाकणं नाही. आज शिक्का नाही, म्हणून दर नाही, असंही कुठे आहे? शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा ठेवा, म्हणजे ज्याची फी घेतली त्यालाच पास करायची गरज राहणार नाही. प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण ठेवा. 'एस-१' वर प्रशिक्षकाचा नोंदणी क्रमांक छापा, आणि त्या परवानेधारकाच्या हातून निष्काळजीपणे गोळी सुटली तर पहिल्या दिवशी त्या क्रमांकाची फाइल उघडा. प्रशिक्षकाला शिक्षा करायलाच हवी असं नाही, पण त्याने काय शिकवलं, किती वेळ शिकवलं, हे त्याला सांगावं लागेल एवढं जरी कळलं तरी सही करताना पेन थांबतो. एकाच क्रमांकाच्या तीन फाइली उघडल्या गेल्या तर मान्यता स्थगित करा.

मान्यता कायमची नको. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. प्रशिक्षकाची मान्यता त्याहून आधी संपली पाहिजे, आणि नूतनीकरणाला पुन्हा तेच प्रात्यक्षिक हवं. मान्यतेवर हत्यारांची नावं हवीत : दुनळी, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, एअर. जे तपासलं तेवढंच शिकवायचं. रक्तस्राव थांबवता येत नाही अशा माणसाला तर रेंजवर उभंच करू नये. जखमीला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्यायचं की मेयो रुग्णालयात, गाडी कोणाची, फोन कोण करणार, हे फायरिंग सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. यातलं काहीही अवघड नाही, एनसीसीच्या कॅम्पमध्ये फायरिंगच्या दिवशी ॲम्ब्युलन्स उभी असतेच की.

दिल्लीने नियम बदलेपर्यंत नागपूरने थांबायची गरज नाही. कामठीला उस्ताद आहेत, हिंगणा रोडला आहेत, पोलीस प्रशिक्षण केंद्रात आहेत. ज्यांना शिकवायची खरी कला आहे अशा दहा-बारा जणांना बसवून परीक्षेचे प्रसंग ठरवायला आठवडा पुरेल. आयुक्तालयाने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने प्रशिक्षकांची यादी संकेतस्थळावर टाकावी, प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणती हत्यारं शिकवू शकतो आणि मान्यता कधी संपते ते लिहावं. एअरगनच्या अकॅडम्यांवर शस्त्र कायद्याचा हात पोचत नसेल तर जिल्हा क्रीडा कार्यालयाने आपल्या स्पर्धांची प्रवेशिका घेतानाच प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मागावं; पालक मग आपोआप विचारायला लागतील. सुरुवात मात्र गार्डपासून करावी, कारण बंदूक रस्त्यावर त्याच्याच हातात आहे. आणि त्याच्या प्रशिक्षणाची फी एजन्सीने भरायची, पगारातून कापायची नाही, हे आदेशात स्पष्ट लिहावं. लिहिलं नाही तर पहिल्याच महिन्यात ती कापली जाईल.